माइक कुणी बंद केला?

भानुदास आप्पा गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, सुरेखानं, फोनवर सांगितलं. त्याला आता दीड महिना झाला. सकाळचा चहा घेऊन आप्पा यवतच्या आपल्या दुकानात खुर्चीवर टेकले, ते उठलेच नाहीत.  मग सुरेखाच नाक ओढत म्हणाली, "शोकसभेला बोलायला ये. आन् माइक आपलाच हाय हां, तू तुझा आनू नगंस." रडता रडता आम्ही दोघी फोनवर हसत सुटलो... त्या हसण्यामागची गोष्ट मी लिहायलाच हवी, कारण तिच्यातली चूक माझी आहे.

आप्पा मूळचे मांडवगण फराट्याचे. घरची शेती होती, पण त्यांचा जीव वायरींमध्ये. नदी ओलांडून ते यवतला आले आणि साउंड सिस्टीमचं दुकान टाकलं. लग्न असो, कीर्तन असो, आमच्या वस्तीतली जयंती असो, दौंड-शिरूरच्या गावांत आप्पांचा टेम्पो ठरलेला. माइक तपासताना ते कधी "हॅलो, हॅलो" म्हणत नसत. त्या दिवसाचे कांदा-टोमॅटोचे भाव वाचून दाखवत. "लोकांनी येक तरी कामाचं ऐकावं. फुडचं भाषण कसं निघंल, काय सांगावं!"

आमच्या घरी मात्र पत्रकांचे गठ्ठे असत. वडील चळवळीतले. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि लिहायला लागले तेही पत्रकच. चार वर्षांपूर्वी गावातल्या सगळ्या आळ्यांना नळ आले, आमच्या वस्तीच्या कडेला येऊन पाइपलाइन थांबली. ग्रामसभेत विचारायचं तर माइक एकच, तो व्यासपीठावर, उपसरपंचांच्या हातात. आम्ही मागितला की सभेची वेळ संपायची. म्हणून आमच्या वस्तीतल्या मंडळानं ठरवलं, माइक आपलाच घ्यायचा, म्हणजे कुणाकडे हात पसरायला नको. सभेत माइकचा आवाज पकडून स्पीकरला देणारं यंत्र आप्पांचं असणार हे माहीत होतं. म्हणून आम्ही पुण्यात जाऊन त्यांच्या माइकच्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा वायरलेस माइक जुन्या बाजारातून आणला. दोन्ही शेजारी ठेवले असते तर आप्पांनाही ओळखू आले नसते, इतके सारखे.

सभेच्या दिवशी मी उभी राहिले, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. बोलले... आवाज नाही. पुन्हा बोलले, नाही. यंत्रामागे बसलेल्या आप्पांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते. वरून उपसरपंचांचा आवाज घुमला, "ताई, आवाज येईना तुमचा! पान्याचं पुढच्या टायमाला बघू." मी घसा फाडून ओरडले, घोषणा दिल्या. तिसऱ्या रांगेपलीकडे काही गेलं नाही.

त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'माइक कुणी बंद केला?' पाण्याचा सगळा हिशोब त्यात मांडला, आणि शेवटी मथळ्याचं उत्तर दिलं: यंत्रावर बसलेल्या भानुदास आप्पांनी. आठवडे बाजारात ते हातोहात संपलं. आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या मंडळांनी आप्पांना जयंतीसाठी सांगून ठेवलं होतं, त्यांनी एकेक करून नको म्हणून कळवलं. मला वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी आप्पा दारात उभे. काखेत ते यंत्र.

"पत्रकवाली हाय का घरात?"

वडिलांनी त्यांना बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"वाचलं," आप्पा म्हणाले. "झकास लिवलंयस. वाचता वाचता मलाच माझा राग आला."

"मग माफी मागा."

"मागतो की. आधी तुझा माइक आन."

त्यांनी माइक हातात घेतला, खालचं झाकण फिरवून काढलं. आत सेलच्या शेजारी नखाएवढं स्टिकर होतं, त्यावर आकडे. मग आपलं यंत्र उलटं केलं. "वाच. तुला वाचायची लई हौस." माझ्या माइकवर पाचशेच्या घरातले आकडे होते, यंत्रावर सहाशेच्या.

"कंपनी येक, मॉडेल येक, रंग येक. पन रेंज येगळी. तुझा बोलतोय येका पट्ट्यात, माझं ऐकतंय दुसऱ्याच पट्ट्यात. जन्मात गाठ पडायची न्हाई. कंपनी येकच माल दोन-तीन रेंजमधी काढती, घेताना बघाय लागतं."

"पण दिवा तर लागला होता!"

"दिवा सेलचा, बाय. मी जागा हाय, येवढंच त्यो सांगतो. कुनी ऐकतंय, असं त्यो कवा म्हनला?"

"मग तिथंच का नाही सांगितलंत?"

"तुझ्या घोषणा चालल्या हुत्या. माझे चारी बॉक्स लावले आस्ते तरी तुझ्या म्होरं टिकले नस्ते." वडील हसले. आप्पा मात्र गंभीर झाले. "पान्याचं लिवलंयस ते समदं खरं हाय. माझी येक ओळ खोटी. आता उपसरपंच गावभर सांगत सुटलाय, पोरगी माइकचं खोटं बोलली, म्हंजी पान्याचं बी खोटंच आसंल. माझं काय, लग्नं हायती. तुमच्या नळाचं बघ."

मंडळातली पोरं म्हणाली, माघार घ्यायची नाही, विरोधकांना आयतं सापडेल. मलाही तेच वाटत होतं. वडिलांनी एवढंच विचारलं, "आपण पत्रक कशाला काढतो गं?" मी दोन दिवस जेवले नाही धड. तिसऱ्या दिवशी दुसरं पत्रक काढलं: 'माइक कुणीही बंद केला नव्हता. मी चुकीच्या रेंजचा आणला होता. पाणी मात्र खरोखरच आलेलं नाही.' खाली दोन्ही रेंजचे आकडेही छापले. त्याच बाजारात, स्वतःच्या हातानं वाटलं. लोक वाचायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे. कान तापले होते माझे. आप्पांनी एक प्रत मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आकडा चुकलाय रेंजचा. आता तिसरं काढ!"

पुढच्या ग्रामसभेला आप्पांनी एकाच रेंजचे दोन माइक आणले. एक व्यासपीठावर ठेवला, दुसरा न विचारता लोकांमध्ये दिला. उपसरपंचांनी डोळे वटारले. "हे कुणी सांगितलं?"

"जोडीचाच सेट हाय, सायेब. येकाचं भाडं, येक फुकाट."

त्या दिवशी पाण्याचा ठराव झाला. नळ यायला त्यानंतरही वर्ष गेलं, पण आला. आप्पांनी पुढे कुठल्याच सभेत एकटा माइक लावला नाही, आणि जयंतीला त्यांचं यंत्र आमच्या वस्तीत दरवर्षी लागलं.

ते गेले, पण माझ्या हाताला त्यांनी लावलेली खोड राहिली आहे. कुठलाही माइक आला की मी आधी झाकण उघडून बघते. गेल्या आठवड्यात ग्रामसभा होती. पंचायतीनं आता स्वतःचे माइक घेतलेत. आम्ही रस्त्याचा प्रश्न मांडला आणि त्याला विरोध करायला उपसरपंच उठले, तर त्यांचा माइक गप्प. आमच्या पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. कुणीतरी ओरडलं, "आवाज येईना तुमचा!" खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर फार बरं वाटलं... मग मी उठले, व्यासपीठावर गेले, त्यांच्या हातातला माइक घेऊन झाकण फिरवलं. यंत्रावरच्या आकड्यांशी ते आकडे जुळत नव्हते. दुसऱ्या सेटमधला माइक पेटीत मिसळला होता. मी माझा चालू माइक त्यांच्या हातात दिला.

"घ्या. हा जुळतो."

त्यांनी तो घेतला. मग घसा खाकरून पुढची दहा मिनिटं माझ्याविरुद्ध बोलले. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.