एका बिल्ल्यावरचे दोन उतेकर

मुंबईच्या बंदराला लागून पेंबर्टन कंपनीने १९४२ साली दोन गोद्या उघडल्या. शत्रू बुडवील त्याहून भराभर मालवाहू बोटी बांधायच्या, असा सरकारशी करार होता. चार वर्षांत अकरा बोटी पाण्यात उतरल्या. शत्रूचा वेग काही कंपनीला गाठता आला नाही. तेवढ्यात युद्धच संपले आणि कंपनीवर आभाळ कोसळले. पुढे एका गोदीत लोखंडी कपाटे होऊ लागली, दुसरीच्या जागेवर इमारती उठल्या. अशा या कंपनीला १९९५ साली आपल्याला गौरवशाली इतिहास असल्याचे आठवले. तो लिहिण्यासाठी प्रसिद्धी अधिकारी नीलेश सामंत कशेडी घाटाच्या अंगाला असलेल्या वाडीत धापा टाकत पोचले.

त्यांना हवा होता गोमाजी उतेकर : बोटीचे पत्रे जोडणारे रिबीट (रिव्हेट) ठोकणारा, बिल्ला नंबर ६१४, चार वर्षांत एकही रजा नाही.

ओटीवर भेटला सोनबा उतेकर, वय बहात्तर.

"गोमाजी माजा थोरला भाव. वारला त्याला सात वर्सं झाली," तो म्हणाला. "आनि रजेचं म्हनाल, तर दर मिरगाला तो लावणीला घरी यायचा. तवा त्याचा बिल्ला लावून मी जायचो. भात झोडून झालं की तो गोदीत, मी घरी."

"आणि कोणाला कळलं नाही?"

"मुकादम आमच्याच गावचा. गोऱ्या सायबाला तर आमी समदेच सारखे दिसायचो."

आतून गोमाजीची विधवा येसूबाई कडाडली, "रजा नाय म्हने! मंग माजी दोन पोरं काय टपालानं आली व्हय?"

सामंतांची अडचण वेगळीच होती. प्रस्तावना छापून झाली होती आणि तीत अध्यक्षांनी याच बिनरजेच्या कामगाराला कंपनीचा आत्मा म्हटले होते. "आजोबा, फोटो तुमचा घेतो," ते म्हणाले. "नाव तेवढं गोमाजीच राहू द्या."

"नाय सायेब. ठोकून ठोकून हा कान गेला, तो माजा. मी गोदीत व्हतो म्हनलं तर वाडीत कुनी खरं धरत नाय. नाव माजंच पायजे."

"बघतो," सामंत म्हणाले. सोनबाने विश्वास ठेवला. गोदी सोडून पन्नास वर्षे झाली होती. कंपनीची सवय सुटली होती.

चार महिन्यांनी गुळगुळीत कागदाचे जाडजूड पुस्तक आले. वाडीच्या शाळेतल्या गौतमीबाईंनी पान उघडून वाचून दाखवले. फोटो सोनबाचा. खाली नाव गोमाजी उतेकर.

येसूबाईने पान डोळ्यांशी नेले. "अगो बाय! कंपनीनं माजा पाट लावला, तो बी दिराशी! मला इचारलं बी नाय!"

सोनबा हसला नाही. "बाई, पेन काडा. लिवा, सोनबा येसाजी उतेकर."

बाईंनी निळ्या शाईने नीट लिहिले. "वरचं नाव खोडू?"

"नको," सोनबा म्हणाला. "उन्हाळ्यातले रिबीट त्याचेच हायत."