तिसरं विमान आणि आमचा ब्लॉक

न आलेल्या विमानाच्या भरवशावर मी आमचा डोंबिवलीचा राहता ब्लॉक दुसऱ्याला देऊन टाकला.

नव्वदीची सुरुवात होती. खासगी विमान कंपन्यांना नुकतीच परवानगी मिळालेली आणि त्यातल्याच एका लहानशा कंपनीत मी वेळापत्रकाच्या खात्यात लागलेलो. आमचं तिकीट इतरांपेक्षा स्वस्त, म्हणून नाश्ता सुका आणि विमानं दोनच. तीही भाड्याची. ऑफिसच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर प्रत्येक विमानाच्या फेऱ्यांच्या रंगीत पट्ट्या अशा बसवायच्या, की विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं राहील. उभ्या विमानाचं भाडं चालूच राहतं, तिकीट मात्र एकही खपत नाही. एवढं एक सूत्र मला कळलं होतं आणि तेवढ्यावर मी घरी दारी विमानशास्त्रावर बोलत असे.

तिसरं विमान दिवाळीपर्यंत मिळेल, असा परदेशातून फॅक्स आला आणि मी त्याच दिवशी फळ्यावर हिरवी पट्टी लावून मोकळा झालो. मुंबई-इंदूर, सकाळ-संध्याकाळ. साहेब खूश झाले आणि इंदूर विमानतळावरचा आमचा मुख्य, म्हणजे स्टेशन मॅनेजर, म्हणून त्यांनी माझंच नाव सुचवलं. विमानात चढायची शिडीसुद्धा ट्रकने इंदूरला रवाना झाली. शिडी गेली म्हणजे आपण गेलोच, असं मी धरून चाललो.

त्याच आठवड्यात बायकोचा मामेभाऊ विठ्ठलवाडीहून घरी आलेला. मोठ्या भावाच्या एका खोलीतल्या संसारात हाही राहायचा, आणि त्यापायी त्याचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलेलं. आता कल्याणच्या एका मुलीला तो आवडला होता, त्यालाही ती. तिच्या वडिलांची अट एकच, मुलगी वेगळ्या जागेत नांदली पाहिजे. मी चहा पिता पिता म्हणालो, "अरे, मग आमचा ब्लॉक घे ना. दिवाळीनंतर आम्ही इंदूरला."

"भावजी, नक्की ना?"

"वेळापत्रक मीच करतो रे."

या वाक्यावर मार्गशीर्षातला मुहूर्त धरला गेला. पत्रिका छापल्या, आणि त्यात नवदांपत्याचा पत्ता म्हणून आमच्या ब्लॉकचा नंबर छापला गेला. बायकोने तो वाचून माझ्याकडे एकदा पाहिलं.

दिवाळीच्या तोंडावर दुसरा फॅक्स आला. जी परदेशी कंपनी आम्हाला आपलं जुनं विमान देणार होती, तिचं स्वतःचं नवं विमान कारखान्यातून निघालंच नव्हतं. नवं हातात पडेपर्यंत ती जुनं सोडायला तयार नव्हती. खरं तर डोंबिवलीत राहणाऱ्याला हे आधीच सुचायला हवं होतं. बिल्डर ताबा देत नाही तोवर भाड्याची खोली कोण सोडतो? पण ते मला फॅक्स वाचल्यावर सुचलं, पट्टी लावताना नाही.

तिसऱ्या विमानासाठी घेतलेले पायलट आणि नव्या गणवेशातल्या मुली ऑफिसच्या मागच्या खोलीत कॅरम खेळत बसायच्या. मी मात्र हट्टाला पेटलो. दिल्लीहून येणाऱ्या विमानाची विश्रांती कापून त्यात इंदूर कोंबलं आणि फळा साहेबांना दाखवला.

"दिल्लीला धुकं पडलं की?" त्यांनी विचारलं.

"इंदूर उशिरा सुटेल."

"आणि एक विमान तपासणीला गेलं की?"

"त्या दिवशी इंदूर रद्द."

"मग रोज माणसांना विमानतळावर बोलावून रद्द करण्यापेक्षा आत्ताच कर," असं म्हणून त्यांनी हिरवी पट्टी स्वतःच्या नखाने काढली. पुढे पावसाळ्यात कधीतरी ते विमान आलं, तेव्हा ते दिल्लीलाच लावलं, कारण तिथे खुर्च्या भरायच्या. इंदूरच्या शिडीचं काय झालं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

इकडे मुलीचे वडील जागा बघायला आले. निवृत्त पोस्टमास्तर. येऊन बघतात तर आमची कपाटं जागच्या जागी आणि इंदूरला न गेलेला मी लुंगीत. मी त्यांना फॅक्स, कारखाना, जुनं विमान, नवं विमान, सगळं हातवारे करून समजावलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"आमच्याकडे टपाल उशिरा आलं," ते मग म्हणाले, "तर निदान कुठल्या गावात पडलंय ते सांगता यायचं. तुमच्या त्या कारखान्यातून विमान निघेल, तेव्हा माझी मुलगी बोहल्यावर चढणार का?"

"तसं अगदी नाही…"

"कसं आहे ते सांगा. पत्रिका मी घरातच ठेवल्यात. एकही पेटीत टाकलेली नाही."

मामेभाऊ दाराशी उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

बायकोने चहाचा ट्रे खाली ठेवला. "काका, पत्रिका टाका. लग्नाच्या आठवडाभर आधी जागा रिकामी मिळेल. माझा शब्द."

ते गेल्यावर मी विचारलं, "अगं, पण आपण जायचं कुठे?"

"ठाण्याला. बाबांकडे."

"म्हणजे मी घरजावई?"

"इंदूरला स्टेशन मॅनेजर नाहीतर टेंभी नाक्याला घरजावई. सध्या एकच गाडी सुटतेय, बसा."

सासऱ्यांच्या दोन खोल्यांत आमचं एक कपाट मावलं, दुसरं गॅलरीत ताडपत्रीखाली राहिलं. पहिले चार दिवस जावई म्हणून पानात गोड पडलं. मग एका सकाळी सासूबाईंनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, आणि ती पुढे माझ्याकडेच राहिली. सासरे पेपर वाचताना विमानाची बातमी आली की मोठ्याने वाचत.

लग्न मात्र मुहूर्तावर लागलं. कल्याणच्या हॉलमध्ये अक्षता पडल्या तेव्हा मामेभावाने गर्दीत मला शोधून काढलं आणि वाकून नमस्कार केला. मी जरा फुगलो. आपण केवढा त्याग केलाय, हे चारचौघांत कुणीतरी बोलून दाखवावं असं वाटू लागलं. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी माझा हात धरून मला पोस्टातल्या जुन्या मंडळींकडे नेलं.

"हे मुलाचे भावजी," ते म्हणाले. "विमान कंपनीत वेळापत्रक करतात. सध्या सासऱ्यांकडे असतात."