पाय पसरून बस, माय

आमचं लातूरचं घर बांधताना कॉलमच्या सळया बांधायला एक म्हातारे मिस्त्री यायचे. सळयांची खालची टोकं पावलासारखी वाकवून ते खड्ड्यातल्या लोखंडी जाळीवर टेकवायचे, तारेनं बांधायचे आणि म्हणायचे, "पाय पसरून बस, माय." लोखंडाला माय म्हणतात म्हणून आम्ही बाया हसायचो.

वास्तुशांतीला ते आले, पण ताट घेऊन अंगणातच बसले.

"आत या ना, दादा. तुम्हीच बांधलंय."

"घर पक्कं हाय, वैनी. पण छताखाली घास उतरत न्हाई. भूकंपात माझी लेक घराखाली गेली. खोली लहान, पाय पोटाशी घेऊन झोपायची."

आता माझी लेकरं तशी झोपली की मी त्यांचे पाय हळूच सरळ करते.