तळ्यापलीकडचं सातवं भोक

पासष्टच्या लढाईनंतर आमच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालायच्या. मी तपासणीत होतो. तोफगोळ्याचं कवच लेथवरून उतरलं की आधी माझ्या हातात यायचं. अंगठा फिरवायचा, उजेडात धरायचं, चरा दिसला की बाद.

गोल्फ हा साहेबांचा खेळ. पण बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने जुनी काठी मला देऊन टाकली होती आणि गोरखपूर मोहल्ल्यातल्या माझ्या घरामागच्या पडीक जागेत मी दोन वर्षं ती घुमवत होतो. शेजारी म्हणायचे, बाबूजी साप मारताहेत. खऱ्या मैदानावर मात्र आम्हाला मज्जाव. शेवटी एक दिवस मनाचा हिय्या करून मी मोठ्या साहेबांनाच विचारलं. ते हसले. म्हणाले, रविवारी सकाळी या आणि सातवं भोक खेळून दाखवा. तीन फटक्यांत बॉल आत गेला तर दर रविवारी खेळा. नाही तर हा विषय कायमचा बंद.

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

सातवं भोक सगळ्यांत देखणं आणि सगळ्यांत खाष्ट. काळ्या खडकांच्या मधोमध तळं, तळ्यात कमळं. अलीकडे उंचावर आम्ही, पलीकडे भोक. भोकाभोवती तेव्हा हिरवळ नव्हती, जळकं तेल मिसळून चोपलेल्या वाळूचं गोल अंगण होतं. मुरलेल्या खेळाडूलाही तिथे तीन फटके लागायचे. मी बॉल ठेवला आणि काठी धरली.

सोबत माझ्याच विभागातला नागपूरकडचा मित्र होता. "काहून थरथरून राहिला बे? मार ना!"

मारला. आवाजच असा खणखणीत निघाला की मला तिथेच कळलं. बॉल कमळांवरून गेला, खडकाला घासतो की काय म्हणेपर्यंत वाळूवर उतरला आणि भोकापासून दोन हातांवर थांबला. एका फटक्यात! मी तळ्याला वळसा घालत धूम पळालो. दोन लेकरांचा बाप, पण उधळलेल्या वासरासारखा. साहेब आणि मित्र मागेच राहिले.

वाळूवर पोचलो आणि बॉल उचलला. अंगठा फिरवला. उजेडात धरला. चरा नव्हता. पास!

मग लक्षात आलं. खेळ चालू असताना खूण न करता बॉल उचलला तर एक फटका दंड, हे मला पाठ होतं. हाताची सवय, दुसरं काय! साहेब अजून खडकाआड होते. गुपचूप ठेवून दिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि तसं मनात आलंही. पण वर्षानुवर्षं लोकांचा माल मी तोंडावर बाद करत आलो होतो. साहेब आल्याबरोबर सांगून टाकलं.

"काहून सांगितलं बे? कोणी पाह्यलं होतं काय?" मित्र दातओठ खाऊन पुटपुटला.

साहेब म्हणाले, "अच्छा. तो दो हो गए. अब एक ही बचा है."

बॉल जागेवर ठेवला. नुसते दोन हात अंतर. हलकेच ढकलला. तेलकट वाळूवर रेघ ओढत तो सरळ गेला, भोकाच्या काठापर्यंत आला आणि तिथेच बसला. मी गुडघ्यांवर वाकून बघत राहिलो. पडला नाही. चौथ्या टिचकीने आत गेला. साहेबांनी माझा हात हातात घेतला, पण बोलले त्यापासून हटले नाहीत. मीही गयावया केली नाही.

घरी पोचलो तर बायको पोळ्या लाटताना उठून दारात आली.

"जमलं काय जी?"

"नाही. चार लागले. आता नाही खेळू देणार."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मग हासून काहून राह्यले तुम्ही?"

मी तिच्या हातातलं लाटणं घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हटलं, "बाजूला सरक. तू उभी आहे तिथं तळं आहे."