थर्मामीटर मिस्त्रींचा तळहात

धक्क्यावर त्यांना सगळे थर्मामीटर मिस्त्री म्हणत. चालू इंजिनाला तळहात लावायचे, झटक्यात उचलायचे आणि सांगायचे, "पंच्याऐंशी." काटा बघावा तर पंच्याऐंशीच. तीस वर्षं हा खेळ चालला होता आणि खरं सांगायचं तर मिस्त्रींना त्याचा थोडा माजही होता.

अशा माणसाच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची बोट इंजिन तापून भर पाण्यात दोनदा बंद पडावी, म्हणजे काय शोभा! नवरा गेल्यापासून ती एकटी बोट चालवायची. खाडीपलीकडची शाळकरी पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळी तिच्या भरवशावर. आता बंदरावरच्या साहेबांनी बजावलं होतं की शनिवारी दुपारी भरल्या बोटीची चाचणी होईल, आणि इंजिन नव्वदच्या वर तापलं तर परवाना रद्द.

नवा हीट एक्स्चेंजर बसवणं भागच होतं. इंजिनातलं गरम पाणी आणि बाहेरचं खारं पाणी एकमेकांत न मिसळता शेजारून नेणारी ही पेटी. खाऱ्या पाण्याने आतलं पाणी निवतं. दुकानदाराने दोन दाखवले. एक आटोपशीर, मिस्त्रींनीच मागे बसवलेल्या जुन्याच्या मापाचा. दुसरा लांबलचक, जड, दोन्ही टोकांची झाकणं उघडून नळ्यांतला गाळ साफ करता येईल असा.

"छोटाच द्या," मिस्त्री म्हणाले. "जुना गाळाने तुंबला, एवढंच. खाडीचं पाणी थंड आहे, छोटा पुरेल. मी हात घालून बघितलंय."

"कधी बघितलंस, दादा?" बहिणीने विचारलं.

"सकाळी."

"मी दुपारीही चालवते. ओहोटीला."

दुपारच्या ओहोटीला तिने बादलीभर पाणी काढलं. मिस्त्रींनी हात बुडवला. "सव्वीस." दुकानातून आणलेला थर्मामीटर म्हणाला, चौतीस.

"हा बिघडलाय," मिस्त्री म्हणाले.

बहिणीने स्वतःचा हात घातला. "दादा, चांगलं कोमट आहे की रे." मग तिने त्यांचा तळहात उलटून बघितला. तीस वर्षं भाजून भाजून कातडी टाचेसारखी जाड झाली होती. या हाताला आता कोमट कळत नव्हतं, आणि जुन्या पेटीचं मापही याच हाताने ठरवलं होतं.

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे दोन्ही वेळा तुझी बोट मीच बंद पाडली."

"हो," ती म्हणाली. "मग आता तूच चालू कर."

ते दुकानात परत गेले. इंजिनाची ताकद, पंप मिनिटाला किती पाणी फेकतो आणि ते चौतीस, असं सगळं कागदावर मांडलं. हिशोबात लांबलचक पेटीच बसत होती. बोटीत मात्र ती मावेना. मिस्त्रींनी मागचं बाक कापलं, नवा स्टँड वेल्ड केला आणि दोन दिवस खपून पेटी बसवली.

शनिवारी वाळूची पोती भरून बोट निघाली. सुकाणूपाशी बहीण, मागे साहेब, इंजिनापाशी मिस्त्री. सवयीने त्यांचा हात पुढे गेला. अर्ध्यातच त्यांनी तो मागे घेतला.

"काटा किती गं?" त्यांनी ओरडून विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"ब्याऐंशी."

मग न विचारता ती दर थोड्या वेळाने सांगत राहिली. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीच. साहेबांनी कागदावर सही केली तरी ती सांगतच होती, आणि मिस्त्री प्रत्येक वेळी म्हणत होते, "बरं."