येसन आणि नथ

ग्रामसभेला निघताना अक्काची नथ घातली, नाक चिमटलं आणि एकदम ते अस्वल आठवलं.

अक्का म्हणजे माझी मोठी काकू, पारोळ्याजवळच्या आमच्या गावची पहिली बाई सरपंच. तिच्याआधी वर्षानुवर्षं आबाच सरपंच होते. एका सकाळी पंचायतीसमोर दरवेशी अस्वल घेऊन आला. ओल्या घोंगडीसारखा उग्र वास, धुळीत घासणारी लांब नखं. दरवेश्यानं नाकात ओवलेली येसन ओढली आणि अस्वल सवयीनं आबांपुढेच वाकलं.

आबा खुशीत म्हणाले, "देख सरपंचबाई, आस्वल बी माले सलाम करस. तू बी मी सांगसू तठे सही कर."

अक्कानं पदर सावरला. "आबा, आस्वलना नाकमा येसन शे. मना नाकमा नथ शे." आणि आत जाऊन सरपंचाच्या खुर्चीवर बसली.

तेव्हा मला वाटलं, अक्का दागिना मिरवतेय.

आता सासरच्या गावात मी सरपंच आहे. दारात दीर गाडी घेऊन उभे होते. "वहिनी, तुम्ही फक्त सही करा. बोलायचं मी बघतो."

मी नथ नीट बसवली.

"किल्ली द्या, भाऊजी. तुम्ही घरीच थांबा. आज तुम्हाला सलाम करायला कुणी येणार नाही."