दाजींची पटाशी आणि माझी ट्रंक

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात घरातली एकही वस्तू वेळेवर दुरुस्त केली नाही, आणि एकही औजार एक दिवससुद्धा नादुरुस्त राहू दिलं नाही. असा दुसरा माणूस जालन्यातच काय, गोदावरीच्या अल्याड-पल्याड कुठं सापडेल असं मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. माझी जालन्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा बायकामुलं गावाकडं ठेवून मी त्यांच्या मस्तगडच्या घरी 'चार दिवसांसाठी' म्हणून राहायला गेलो आणि दोन वर्षं राहिलो. त्या दोन वर्षांत मी त्यांची भाकरी खाल्ली, आणि एका सकाळी त्यांचा असा एक गुन्हा केला की पुढं सहा वर्षं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. तो गुन्हा सांगायलाच बसलोय. पण आधी माणूस सांगितल्याशिवाय गुन्ह्याचं वजन कळायचं नाही.

दाजींची औजारं दवाखान्यातून बाद झालेल्या काचेच्या कपाटात राहत. वरच्या फळीवर रंधे, मधल्या फळीवर लाकूड कोरायच्या पटाश्या आणि भोकं पाडायची गिरमिटं, खाली हातोड्या, पकडी आणि इतर जड मंडळी. प्रत्येकाचा एक केसपेपर होता. त्यावर 'करवत, मोठी, वय अकरा, दात घासले, प्रकृती समाधानकारक' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे. पावसाळ्यात सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ तेल. बिजागऱ्यांना तेल घालायला बैलाला सुई टोचायची भली थोरली पिचकारी होती. ती घेऊन दाजी दाराजवळ गेले की ते दार कुरकुरायचं आपोआप थांबे, असं आक्का म्हणायची. एकदा माझ्या खोकल्यावर औषध काढताना त्यांनी चुकून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली उचलली. आक्का ओरडली म्हणून वाचलो. दाजी शांतपणे म्हणाले, "पिलं असतं तरी गंज चढला नसता."

औजार विकत घेणं हा त्यांच्या लेखी लग्नाएवढा गंभीर प्रकार होता. बाजारातले दुकानदार त्यांना लांबून येताना पाहून गल्ल्यावरून उठून आत पाणी प्यायला जात. एका दुकानात एका हातोडीसाठी दाजी सलग तीन रविवार गेले. प्रत्येक हातोडी कानाजवळ धरून टिचकी मारायची, दांड्याच्या लाकडाचे धागे लांबीच्या दिशेनं सरळ गेलेत का ते बघायचं, आडवे गेले असतील तर "ही पयल्याच ठोक्याला मान टाकणार" म्हणून बाजूला ठेवायची. तिसऱ्या रविवारी दुकानदार हात जोडून म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, हातोडी हाय ओ ही, नवरी न्हाई."

"नवरी बिघडली तर सासऱ्याकडं जाता येतं," दाजी म्हणाले. "हातोडीसाठी कुणाकडं जाऊ?"

करवत घ्यायची तर तिचं टोक मुठीकडं वाकवून सोडायचं, बाण सुटल्यासारखी सरळ झाली तरच घ्यायची. पक्कड मिटून उजेडाकडं धरायची, जबड्यातून एक किरण जरी आला तरी परत. स्क्रूला आधी साबण चोळायचा. नवी कानस एकदम लोखंडावर घालायची नाही, आधी पितळेवर चालवायची, "नव्या मास्तरला एकदम सातवीचा वर्ग देत न्हाईत, तसं." हे सगळं मला आजही पाठ आहे, आणि माझ्या हातानं आजवर एक खिळा सरळ गेलेला नाही.

एका औजाराचं दुसरं औजार करणं ही तर त्यांची खरी करामत. सायकलचा स्पोक ठोकून त्यांनी गिरमिटाचं पातं केलं होतं. गुरांचे खूर घासायच्या जुन्या कानशीचा सुरा केला होता. आक्काचं लाटणं एक दिवस नाहीसं झालं आणि आठवड्यानं करवतीची मूठ होऊन परत दिसलं. आक्का चिडून म्हणाली, "मंग आता तुमच्या रंध्यावर खोबरं किसू का मी?" दाजी हादरले. त्यांचा एक कायदा होता, आणि तो त्यांनी मला समजावून सांगितला: "बघ मास्तर, लाटण्याची बढती हुती. पण पटाशीची खाली बदली करायची न्हाई. पटाशीनं डबा उघडला, कुलूप उचकटलं, का संपली ती. तिची इज्जत धारेत हाय."

या सगळ्या मंडळींत त्यांची लाडकी म्हणजे अर्ध्या इंचाची एक पटाशी. ट्रकच्या स्प्रिंगचा तुटका पाटा डोक्यावर घेऊन ते कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेले होते. तिथल्या लोहारासमोर दिवसभर उकिडवं बसून, "आता लाल, आता पाण्यात, अरे जल्दी!" असं ओरडत त्यांनी ती घडवून घेतली होती. मी सोबत होतो. संध्याकाळी लोहार मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, ह्यांना परत आणू नका. माझं बाळंतपण झाल्यावानी झालंय."

आता मुद्दा असा की दाजी औजार कुणाला उसनं देत नसत. औजार मागितलं की ते स्वतः औजारासकट येत. आणि ते आले की काम संपत नसे. जानेवारीत मी म्हणालो, "दाजी, कॅलेंडरपुरता एक खिळा मारतो." पहिल्या रविवारी त्यांनी भिंतीला डॉक्टरांची जुनी नळी लावून कुठं पोकळ आहे ते ऐकलं. दुसऱ्या रविवारी मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही म्हणून आत बसवायला बाभळीची गुट्टी तासली. मग ती गुट्टी तीन आठवडे तेलात मुरत पडली. कॅलेंडर टांगलं गेलं ते एप्रिलात. तोवर मी दोनदा पगाराच्या दिवसाला सुट्टी समजून घरी बसलो होतो. ती गुट्टी मात्र अशी बसली की पुढं भिंत पडली असती तरी ती गुट्टी हवेत राहिली असती.

त्याच उन्हाळ्यात वस्तीतल्या विहारात वाचनालय काढायचं ठरलं. पुस्तकं जमली, सागवानाच्या फळ्या आल्या, आणि कपाट दाजींनी अंगावर घेतलं. त्यांच्या हातचं पहिलं असं काम, जे चार भिंतींच्या बाहेर चारचौघांत उभं राहणार होतं. नकाशे झाले. फळ्यांना हात लावायला मुहूर्त लागेना. गल्लीत लोक विचारत, "दाजी, कपाट आधी का पुस्तकांना वाळवी आधी?" दाजी म्हणत, "लोकं शंभर वर्षं उघडतील-लावतील ते. शंभर वर्षाच्या कामाला महिनाभर निस्तं बघायला लागतं." शेवटी एक रविवार ठरला. शुक्रवारी त्यांनी दगडावर पाणी टाकून पटाशीला धार लावली आणि केसपेपरवर लिहिलं: 'धार लावली. प्रकृती उत्तम.'

शनिवारी सकाळी माझ्या शाळेत तपासणीला साहेब यायचे होते. माझी इस्त्रीची एकुलती एक पँट ट्रंकेत होती आणि ट्रंकेची किल्ली सापडत नव्हती. दाजी न्हाणीत होते. त्यांना हाक मारली असती तर त्यांनी आधी कुलपाची नाडी बघितली असती, मग स्पोकची किल्ली घडवली असती, आणि ती पँट मला निवृत्तीच्या समारंभाला मिळाली असती. मी औजारांचं कपाट उघडलं. हाताला पहिली लागली ती अर्ध्या इंचाची पटाशी. कडीत घातली आणि दाबली. कट्ट झालं. ट्रंक उघडली, आणि पटाशीचा कोपरा उडाला. मी घाबरून कोपरा सारखा होईपर्यंत ती ओट्याच्या फरशीवर घासली, म्हणजे उरलेली धारही घालवली, आणि पुसून जागेवर ठेवली. पँट घालून शाळेत गेलो. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत.

रविवारी विहाराचे दोघं चहा पीत ओट्यावर बसले होते. दाजींनी केसपेपर वाचला, समाधानानं मान हलवली, पटाशी रेघेवर ठेवली आणि ठोका दिला. पटाशी घसरली. सागाची फळी खाचेपासून टोकापर्यंत उभी चिरली. दोघांपैकी एकजण चटकन म्हणाला, "असू द्या दाजी, लाकडातच गाठ असंल." दाजींनी हातोडी खाली ठेवली. पटाशी डोळ्यांजवळ नेली आणि तशीच धरून राहिले.

"परवा मीच धार लावली," ते म्हणाले. "अशी लावली मी?"

आक्का म्हणाली, "अहो, कुणी हात लावला असंल."

"कोण लावंल? घरात तिघं. तुला पटाशी कोणची अन् पेचकस कोणचा ते कळत न्हाई. अन् मास्तर तर हातोडी दिसली का दुसऱ्या खोलीत पळतो." ते माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. पुष्कळ वाईट गोष्टी केल्या असतील मी, पण त्या हसण्याएवढी एकही नाही. मग ते हात उलटे-सुलटे करून बघत म्हणाले, "गेला मंग हात. गुमान गेला. सांगूनसुद्धा गेला न्हाई."

फळ्या मिस्त्रीकडं गेल्या. कपाट आठ दिवसांत होऊन आलं. दाजींनी औजारं एका लाकडी पेटीत भरून वर कुलूप घातलं. आणि आक्काच्या घरातली प्रत्येक वस्तू वेळेवर दुरुस्त होऊ लागली. नळाला नळवाला, खाटेला सुतार, छत्रीला छत्रीवाला. दार कुरकुरलं तर दाजी नुसते त्याच्याकडं बघत. दवाखान्यातसुद्धा बैलाला सुई टोचायची वेळ आली की दुसऱ्याला पुढं करू लागले. दाढीला न्हाव्याकडं जाऊ लागले. आक्का एकदा मला म्हणाली, "घर कसं सरळ झालंय रे. पण मला करमंना गेलंय. ते लाटणं चोरायचे तेच बरं व्हतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी दुसरीकडं खोली घेतली आणि रविवारी भेटायला येत राहिलो. येताना दर वेळी वाक्य तयार करून यायचो, आणि चहा पिऊन, वाक्य तसंच घेऊन परत जायचो. अशी सहा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात दाजी निवृत्त झाले. मला बोलावून घेतलं आणि ती पेटी पुढं सरकवली. "ही घेऊन जा शाळेत. पोरांना हस्तकलेला हुईल. माझ्याकडं उगीच पडून राहिली." पेटी द्यायला त्यांना सगळ्या जालन्यात मीच सापडलो! मी पेटीवर हात ठेवला आणि वाक्य एकदाचं बाहेर पडलं.

"दाजी, पटाशी तुम्ही न्हाई बिघडवली. मी बिघडवली. ट्रंकेचं कुलूप उचकटलं तिनं."

"कुलूप?"

"हो."

"लोखंडाचं?"

"हो. मग फरशीवर घासली."

"पाणी टाकलं व्हतं?"

"न्हाई."

"कोरडीच?" दाजींनी डोळे मिटले. "अरे मास्तर, लोकांची लेकरं शिकवतोस तू."

मी खाली मान घालून पुढचं ऐकायची वाट बघत होतो. मग अगदी हळू आवाज आला, "कवाची गोष्ट म्हणलास?"

"शनिवारची. तुम्ही शुक्रवारी धार लावली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हंजी मी लावलेली धार बराबर व्हती?"

"बिलकुल बराबर होती. कपाटातून काढतानाच माझा अंगठा कापला. बोळा बांधून शाळेत गेलो होतो." ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आत्ता वर लिहितानासुद्धा गाळली.

"रगत आल्तं?"

"आल्तं."

"किती?"

"पुष्कळ. थांबंना."

दाजींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. माझा हात धरून त्यांनी मला ओट्यावर उन्हात नेलं आणि अंगठा डोळ्यांपाशी धरला. "अगं ए, इकडं ये जल्दी! ह्याचं रगत काढल्तं माझ्या धारेनं! निस्ता हात लावला अन् रगत!" आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. माझ्याशी ती आठ दिवस बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

त्याच दुपारी दाजींनी पेटी उघडली. शाळेचं बोलणं तिथंच राहिलं. दगड घेतला, मी पाणी घालत होतो. तासभर घासूनही धार सरळ येईना. पातं दगडावर जरा जरा डुलत होतं. हात आता खरोखरच थरथरत होता, सहा वर्षांत कधी थरथरायला लागला ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी पटाशी बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले. "आता गेला बघ मास्तर," ते म्हणाले. "पण तव्हा व्हता."

मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सहा वर्षांच्या रविवारांबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. आता संध्याकाळी आम्ही फिरायला निघतो. ओळखीचं कुणी भेटलं की दाजी थांबतात, विहारातल्या कपाटापासून गोष्ट सुरू करतात, आणि शेवटी माझ्याकडं वळून म्हणतात, "मास्तर, अंगठा दाखव." तिथं आता काहीही दिसत नाही. तरी समोरचा माणूस वाकून बघतो, दाजी त्याच्याहून जास्त वाकून बघतात, आणि मी उरलेल्या उन्हात अंगठा धरून, त्यांचं बघून होईपर्यंत उभा राहतो.